बाभळीची पावडर विकायची का?

(प्रभाग संघाच्या चैत्रातल्या मासिक सभेत, संग्रामपूर इथं, एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेनं केलेलं हे बोलणं. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला इथं का बोलावलं ते आधी सांगते, म्हणजे ज्या आज पहिल्यांदा आल्या त्यांनाही कळेल. मागच्या सभेत एका गटानं प्रस्ताव मांडला. बाभळीच्या शेंगा गोळा करायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि शंभर-शंभर ग्रॅमची पुडकी करून विकायची. पुडक्यावर लिहायचं: गुडघेदुखी, साखर आणि किडनीवर उपयोगी. दळायची मशीन घ्यायला संघाच्या निधीतून कर्ज पाहिजे. एक व्यापारी सगळा माल उचलायला तयार आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, आणि शेवटी ठरलं की कोणीतरी विज्ञानातलं येऊन सांगावं, या शेंगेवर संशोधन झालंय ते खरं आहे का?

मी काही शास्त्रज्ञ नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण माहेर याच तालुक्यातलं, बाभळीच्या काट्यांनी पाय फोडून घेतच शाळेत गेले, आणि वाचायची सवय आहे. म्हणून आले.

आधी तुम्हीच सांगा. बाभूळ कोणाच्या धुऱ्यावर आहे? हात वर करा. बघा, जवळपास सगळ्यांचेच हात वर. आणि बाभूळ कशाकशाला वापरता? (सभेतून उत्तरं आली: दातवन, जळतन, कुंपणाच्या काट्या, बकऱ्यांना शेंगा, डिंक, तोंड आलं की सालीच्या पाण्यानं गुळण्या, वखराचं खोड, बंडीचं चाक.) झाले ना आठ उपयोग, पाच मिनिटांत. शास्त्रज्ञांनी यातला बराचसा भाग मोजून पाहिलाय. काही गोष्टी पक्क्या निघाल्या, काही अर्धवट आहेत, आणि काहींबद्दल नुसताच गाजावाजा आहे. आज मी तेवढंच करणार आहे: पक्कं काय, अर्धवट काय, हे वेगळं करून दाखवणार.

कोणती बाभूळ?

संशोधनाची बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारायचा. कारण "अकेशियावर संशोधन झालं" एवढंच मोबाईलवर येतं, आणि अकेशिया हे एका झाडाचं नाव नाही. ते एका मोठ्या कुळाचं आडनाव होतं. त्या आडनावात जगभरची हजारापेक्षा जास्त झाडं होती. आपली बाभूळ, हिवर, अंबाबरव्याच्या जंगलातला खैर, केसांना लावतो ती शिकेकाई, पिवळ्या सुवासिक फुलांची देवबाभूळ, सगळी त्याच आडनावाची. देवबाभळीच्या फुलांपासून तर फ्रान्समध्ये अत्तर काढतात. पण म्हणून आपल्या बाभळीच्या फुलांचं तसं अत्तर होत नाही. आडनाव एक असलं तरी प्रत्येक घरातला स्वयंपाक वेगळा असतो, तसंच हे.

2005 साली व्हिएन्नामध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. तिथं ठरलं की अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडं ठेवायचं. 2011 साली मेलबर्नच्या परिषदेत ते पक्कं झालं. त्यामुळं आपल्या बाभळीचं शास्त्रीय नाव आता वॅचेलिया निलोटिका आहे. जुन्या पुस्तकांत अकेशिया निलोटिका दिसेल. झाड तेच. मुली बारावीला असतील, त्यांना हे सांगा, शोधताना दोन्ही नावं टाकायला लागतात.

आणखी एक. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ यांच्या नावात बाभूळ आहे, पण ती या कुळातली नाहीत. शेंगा वेचताना घोळ होतो तो इथंच. आपल्या खऱ्या बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी असते, दोन दाण्यांच्या मध्ये आवळलेली, राखाडी पांढुरकी, हाताला मखमली लागते. फूल पिवळं, गोल गोंड्यासारखं. वेडीची शेंग पिवळट, सलग, चवीला गोड, आणि फूल लांबट तुऱ्यासारखं. देवबाभळीची शेंग जाडसर, गोल, काळपट तपकिरी. तिन्ही एका पोत्यात गेल्या की तो माल कशाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

नळी, उंदीर आणि माणूस

आता औषधाकडं येते. औषधाच्या संशोधनाला तीन पायऱ्या असतात.

पहिली पायरी काचेच्या नळीची. झाडाचा अर्क काढायचा, जंतूंवर टाकायचा आणि बघायचं मरतात का. बाभळीच्या सालीचा, शेंगेचा, पानाचा अर्क घातल्यावर नळीतले बरेच जंतू मरतात. हे खरं आहे, पुष्कळ ठिकाणी पाहिलं गेलंय. पण बायांनो, फिनाईल टाकलं तरी जंतू मरतात. म्हणून आपण फिनाईल पितो का?

दुसरी पायरी उंदरांची. उंदराला साखर वाढवणारं रसायन देतात, मग अर्क देतात, आणि रक्तातली साखर बघतात. पंजाला सूज आणतात, मग अर्क देऊन सूज उतरते का बघतात. बाभळीवर असे प्रयोग झालेत आणि काहींत फरकही दिसला. तुमच्या मोबाईलवर जे "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" येतं, ते बहुतेक वेळा या पायरीवरचं असतं. उंदराला दिलेला अर्क हा दळलेल्या शेंगेपेक्षा कितीतरी दाट असतो, आणि उंदरात चाललेली पुष्कळ औषधं पुढं माणसात चालत नाहीत.

तिसरी पायरी माणसांची. आजारी माणसांचे दोन गट करायचे, एकाला औषध, एकाला नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी, आणि ठरावीक दिवसांनी मोजायचं. ही पायरी चढल्याशिवाय औषध म्हणता येत नाही. गुडघ्याचं वंगण बाभळीच्या शेंगेनं परत येतं, हे या पायरीवर सिद्ध झालेलं नाही. (मागून एक ताई म्हणाल्या, "पण मॅडम, माह्या सासूले फरक पडला ना.") पडला असेल, ताई. मी नाही म्हणत नाही. पण सासूबाईंनी त्याच महिन्यात शेतात जाणं बंद केलं होतं का? तेलानं चोळणं चालू होतं का? थंडी सरून ऊन सुरू झालं होतं का? एका माणसाचा फरक कशानं पडला ते सांगता येत नाही, म्हणून तर दोन गट करतात.

किडनीची गोष्ट

किडनीबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय. आपण खारपाणपट्ट्याच्या काठावर राहतो. पूर्णेकडच्या गावांत विहिरीचं, बोअरचं पाणी खारं, आणि किडनीचे पेशंट किती घरात आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यामुळं पुडक्यावर "किडनी" हा शब्द लिहिला की ते आपल्याकडं नक्की खपेल. मला भीती वाटते ती त्याचीच.

गंमत अशी की किडनीबद्दल जे संशोधन सांगतात, ते खरंच झालेलं आहे, आणि माणसांवर झालेलं आहे. 1996 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किडनीच्या जुन्या आजाराचे 16 पेशंट होते. त्यांचं जेवण डॉक्टरांनी कमी प्रथिनांचं ठेवलं होतं. त्यांना रोज 50 ग्रॅम डिंक दिला. रक्तातलं युरिया कमी झालं. कसं? डिंक हा पाण्यात विरघळणारा तंतू आहे. तो लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो खाऊन वाढतात. वाढताना त्यांना नायट्रोजन लागतो, तो ते युरियातून घेतात, आणि शौचावाटे बाहेर जातो. म्हणजे किडनीचं थोडं काम आतड्यानं केलं.

आता नीट ऐका. तो डिंक होता, शेंगेची पावडर नव्हती. आणि तो डिंकही आपल्या बाभळीचा नव्हता. तो अरबी गोंद होता, जो मुख्यतः सुदानमधून येतो, सेनेगल बाभूळ नावाच्या झाडाचा. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत अरबी गोंद म्हणजे फक्त सेनेगल आणि सेयाल या दोन झाडांचा डिंक, आपली बाभूळ त्यात धरलेली नाही. पेशंट 16 होते. डॉक्टरांच्या देखरेखीत होते, गोळ्या चालू होत्या, पथ्य चालू होतं. आणि किडनी बरी झाली असं त्यात कुठंही नाही, युरिया कमी झालं एवढंच आहे. डिंकात पोटॅशियमही असतं, आणि किडनीच्या पेशंटला डॉक्टर पोटॅशियम मोजून खायला सांगतात. इतक्या सगळ्या अटी होत्या. त्या गळत गळत आपल्या मोबाईलपर्यंत काय पोचलं? "बाभूळ खा, किडनी साफ."

माझी मावशी पूर्णेकाठच्या गावात दिलेली. पाय सुजायला लागले. तपासलं तर बीपी वाढलेलं, क्रिएटिनिनही जास्त. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या. चार महिने घेतल्या. मग आठवडी बाजारातून कोणीतरी एक पुडकं आणून दिलं, असंच, बाभळीच्या शेंगेचं. विकणाऱ्यानं सांगितलं की इंग्रजी गोळ्यांसोबत हे घ्यायचं नाही, नाहीतर गुण येत नाही. मावशीनं गोळ्या बंद केल्या. आम्हाला कोणालाच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी दम लागायला लागला तेव्हा अकोल्याला नेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद झाल्यानं दाब चढत राहिला आणि उरलेली किडनीही गेली. आज आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जाताना एसटीनं जाते, येताना बसायची ताकद नसते, म्हणून गाडी करावी लागते.

त्या पावडरीत विष होतं असं मी म्हणत नाही. पावडर कदाचित निरुपद्रवीही असेल. पण पुडक्यावरच्या चार अक्षरांमुळं तिनं गोळ्या सोडल्या. उद्या आपल्या पुडक्यावर ती अक्षरं असतील आणि खाली आपल्या संघाचं नाव असेल. एवढं मनात ठेवून निर्णय घ्या.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. बाभळीच्या सालीत साधारण 12 ते 20 टक्के टॅनिन असतं, शेंगेतही भरपूर असतं. टॅनिन म्हणजे तो तुरटपणा. त्यानंच चामडं कमावतात. साल तोंडात धरली की हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तो त्याचाच गुण. गुळण्या करून थुंकलं तर चालतं. पण रोज पोटात घेतलं तर जेवणातलं लोह टॅनिन धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. जेवणाबरोबर चहा घेऊ नका असं आशाताई सांगतात, त्याचं कारण हेच. आपल्यातल्या कितीजणींचं रक्त कमी आहे? मग रोजचा शेंगेचा काढा आपल्यालाच महागात पडेल.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगते. औषध म्हणून काही बनवायचं तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आयुर्वेदिक असलं तरी. आणि 1954 चा एक वेगळा कायदा आहे, मधुमेह, संधिवात, किडनीचे काही आजार यांच्यावर इलाज म्हणून जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. पुडक्यावरचं लेबल हीसुद्धा जाहिरातच. व्यापारी माल उचलून जाईल, पण लेबलावरचं नाव आपलं राहील.

मग पक्कं काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, मॅडमनं सगळं मोडून ठेवलं. (हशा.) तसं नाही. बाभळीतून पैसा आहे. तो पुडक्यात शोधू नका, एवढंच म्हणणं आहे.

पहिलं, बकरी. आत्ताच एक ताई म्हणाल्या, "आमच्या बकऱ्या त शेंगा खाऊनच उन्हाळा काढतात वं माय." बरोबर. चैत्र-वैशाखात हिरवा चारा संपतो तेव्हा शेंगा पडतात. शेंगेत प्रथिनं चांगली असतात, साधारण दहा ते पंधरा टक्के. पण त्यातली बरीचशी दाण्यात असतात, आणि दाण्याचं कवच कडक. बकरी शेंग खाते, गर पचवते, आणि दाणा जसाच्या तसा लेंडीतून टाकते. म्हणून तर बकऱ्यांच्या गोठ्याजवळ बाभळी उगवतात. म्हणजे चाऱ्यातला चांगला भाग वाया जातो. शेंगा दाण्यासकट भरडल्या तर तो अंगी लागतो.

पण इथंही टॅनिन आहे. थोडं टॅनिन बरं, काही प्रयोगांत त्यानं पोटातले जंत कमी झालेले दिसले, अर्थात सगळ्या झाडांचं सारखं नाही. जास्त झालं की ते चाऱ्यातलं प्रथिनच बांधून टाकतं, बकरी खाते पण भरत नाही. म्हणून भरड ही कुटारात आणि ढेपेत मिसळून द्यायची, थोड्यापासून सुरुवात करायची, पाणी पुरेसं ठेवायचं, आणि गाभण बकरीला पोटभर शेंगा घालायच्या नाहीत. प्रमाण किती, ते पशुसखीनं पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दुसरं, डिंक. आपण डिंक कसा विकतो? बाभळीचा, धावड्याचा, सालईचा, सगळा एका पिशवीत, सालपट-मातीसकट. व्यापारी सगळ्यात हलक्या मालाचा भाव लावतो. झाडवार वेगळा ठेवला, साफ पिवळसर खडे एकीकडं आणि काळे दुसरीकडं केले, सावलीत वाळवला, तर मशीनशिवाय भाव वाढतो. कुऱ्हाडीनं खोल घाव घालू नका. साल वरच्यावर सोलली तरी डिंक येतो आणि झाड जगतं. जोधपूरच्या काजरी या केंद्रीय संस्थेनं राजस्थानातल्या कुमट झाडाला खोडात औषधाची मात्रा देऊन डिंक वाढवायची पद्धत काढली आहे, तिथल्या शेतकऱ्यांना त्याचा फायदाही झाला. पण ते शिकलेल्या माणसानं करायचं काम आहे, आणि ते कुमटसाठी आहे. इथं कोणी बाटली घेऊन आलं तर त्याला आधी कागद मागा. आणि ज्यांच्या गावाला वनहक्क मिळालेत, त्यांनी जंगलातल्या डिंकाबद्दल ग्रामसभेत बोलून घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजावर हक्क दिलेला आहे. खैराला मात्र परवानगीशिवाय हात लावू नका.

तिसरं, जमीन. बाभळीच्या मुळांवर गाठी असतात, आपल्या तुरीसारख्याच. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. पानं गळून कुजतात. छत्तीसगडमध्ये शेतकरी धानाच्या बांध्यांवर बाभळी मुद्दाम राखतात, काही वर्षांनी तोडून लाकूड विकतात, पुन्हा नवी राखतात. आणि आपल्या खाऱ्या जमिनीसाठी सांगते, हरियाणात कर्नालला 1969 पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. त्यांनी चोपण जमिनीत कितीतरी झाडं लावून बघितली, जगलेल्या झाडांत बाभूळ वरच्या नंबरात होती. त्यांची जमीन आणि आपली काळी जमीन सारखी नाही, पण जिथं काहीच येत नाही अशा तुकड्यावर बाभूळ लावून बघायला हरकत नाही. पिकाच्या अगदी जवळ मात्र नको, सावलीनं आणि मुळांनी त्या दोन-चार तासांचं पीक बसतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

चौथं, जळतन. बाभळीच्या लाकडाची उष्णता किलोमागं 4,800 ते 4,950 किलोकॅलरी मोजली आहे, म्हणजे सरपणात चांगल्यातलं. पण धूर आपल्याच छातीत जातो, म्हणून हा उपयोग मी शेवटी ठेवला.

झाड चांगलं, पण जागा बघून

आपली बाभूळ परदेशात गेली आणि काय झालं ते सांगते. 1890 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून तिला नेलं. आज तिथं ती 60 लाख हेक्टरपेक्षा जास्त गवताळ जमिनीवर पसरली आहे आणि सरकारनं तिला राष्ट्रीय तण ठरवलंय. 2008 नंतर तिथले शास्त्रज्ञ भारतात आले, कोइम्बतूर आणि जोधपूरच्या वनसंशोधन संस्थांबरोबर फिरले. कशासाठी? बाभळीला खाणारे किडे शोधायला! आपल्याकडं तिला खाणारे शेकडो आहेत, किडे आहेत, बकऱ्या आहेत, आपण आहोत, म्हणून ती आवरात राहते. तिथं तिला आवरात ठेवणारं कोणीच नव्हतं. इंडोनेशियात जावा बेटावर बालुरानच्या जंगलात 1969 साली वणवा अडवायला म्हणून लावली, तिथंही तिनं गवताचं रान गिळलं. आपल्याकडं हेच काम परदेशातून आलेली वेडी बाभूळ करते. म्हणून लावायची ती धुऱ्यावर, पडीत तुकड्यावर. गायरानाचं चांगलं गवत मोडून लावू नका.

आपलं संशोधन आपण करू

आता प्रस्तावाचं काय करायचं, ते तुम्ही ठरवायचंय. माझं मत विचारलंत म्हणून सांगते. औषधी पुडक्यासाठी निधीतून एक रुपया देऊ नका. भरडायच्या मशीनसाठी कर्ज द्यायचं की नाही, ते आजच ठरवू नका. आधी दोन महिने एक प्रयोग करा. तो तुमच्या आवाक्यातला आहे.

ज्या गटाला आवड आहे त्यांनी सारख्या वयाच्या बारा बकऱ्या निवडायच्या, गाभण नको. सगळ्यांना एकाच दिवशी जंताचं औषध. मग सहा-सहाचे दोन गट. कोणती बकरी कुठं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर धट्ट्याकट्ट्या सगळ्या एकीकडं जातात. एका गटाला नेहमीचं कुटार आणि ढेप. दुसऱ्या गटाला तेच, फक्त थोड्या ढेपेच्या जागी शेंगेची भरड. भरडायला तूर्त पाटा आणि मोगरी पुरे. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी चारण्याआधी, काट्यावर वजन. वहीत लिहायचं. ढेपेचा खर्च किती वाचला तेही लिहायचं. दोन महिन्यांनी दोन्ही गटांची सरासरी काढू. भरडवाल्या बकऱ्या मागं पडल्या नाहीत आणि ढेपेचे पैसे वाचले, तर मशीन घ्या, मी स्वतः सभेत उभी राहून पाठिंबा देईन. मागं पडल्या, तर कर्ज वाचलं.

(सभेतून प्रश्न आला: "आणि वजन लिहायला चुकलं त?") चुकलं तर चुकलं असं लिहायचं, ताई. मागच्या आठवड्याचा आकडा उतरवायचा नाही. शाळेत मुलांना मी हेच शिकवत आले, आणि मोठमोठ्या प्रयोगशाळाही इथंच घसरतात.

जाता जाता एक विनंती. ज्यांच्या घरी बीपीचे किंवा साखरेचे पेशंट आहेत, पूर्णेकडच्या गावांत तर खासच, त्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी. किडनी अर्ध्याहून जास्त जाईपर्यंत काही दुखत नाही. आणि घरात कोणी गोळ्या बंद केल्या असतील, कोणत्याही पावडरीपायी, तर रागावू नका. जवळ बसून विचारा. माझ्या मावशीला आम्ही कधी विचारलंच नाही.

शेंगा पडायला लागल्या आहेत. उद्यापासून वेचायला जाल तेव्हा वेडीच्या शेंगा बाजूला काढा, डिंक झाडवार ठेवा, आणि वजनाचा काटा कोणाकडं आहे ते आज इथून उठायच्या आधी ठरवा.

(सभेचा निर्णय: औषधी पावडरीचा प्रस्ताव संबंधित गटानं स्वतःहून मागं घेतला. बकऱ्यांच्या प्रयोगाची जबाबदारी दोन पशुसखींनी घेतली आहे. वजनाची वही आषाढातल्या सभेत सगळ्यांसमोर वाचली जाईल.)